हरणी कधी बंद पडली नाही

या, जरा जवळ सरकून बसा. मांडी घाला, पाय लांब करा, सोसेल तसं बसा, पण कान इकडे द्या. आज एका नवरा-बायकोची आणि त्यांच्या मोटारसायकलीची गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. देव आहे, पण तो कुठे नसतो? या गोष्टीत तो बहुधा पान्याच्या टोकाशी बसलेला आहे.

डोंगराच्या पायथ्याशी मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे दोन खोल्यांचं घर. बायको दवाखान्यात नर्स. वरच्या वस्त्यांवर जायचं, बाळंतिणी बघायच्या, पोरांना लस टोचायची, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. मिस्त्रीही चारचौघांत सिस्टरबाईच म्हणायचे. घरात मात्र नुसतं "ऐकलंस का".

त्या रस्त्यांवर तीन कंपन्यांच्या गाड्या चालायच्या आणि गॅरेजमध्ये तिन्हींना टोपणनावं पडली होती. एक म्हैस. वजनाला जड, चालीला मंद, रूपाचा पत्ता नाही. पण चिखलात घाला नाहीतर चढावर, तिचं रवंथ चालूच. दुसरा जावई. चकचकीत, वेगवान, पण एकदा रुसला की त्याचा एकेक पार्ट दूरच्या शहरातून मागवायचा आणि तो येईस्तोवर याला सावलीत उभा करून मिजास सांभाळायची. आणि तिसरी हरणी. बुटकी, हलकी, डौलदार. बसलं की दोन्ही पाय जमिनीला टेकणार. खोट एकच. हिच्या वायरी बारीक, आणि हेडलाइटच्या मागचा त्यांचा जोड खडबडीत रस्त्यावर हादरून सैल व्हायचा. जोड सैल झाला की हरणी जागच्या जागी गप्प.

सिस्टरबाईंच्या मनात हरणी भरली तेव्हा मिस्त्रींनी परोपरीने सांगून पाहिलं. म्हैस घे म्हणाले. ही तुला डोंगरात रडवेल म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि हरणीच आणली.

पहिल्यांदा एकटीने चढ चढून परतल्या त्या संध्याकाळी त्यांचा अवतार बघण्यासारखा होता. केस पिंजारलेले, भुवयांवर धूळ, आणि चेहरा मात्र शाळा सुटलेल्या मुलीसारखा. आता कुणाच्या ट्रकला हात दाखवायला नको, कुणाच्या मागे अंग चोरून बसायला नको, असं कितीदा तरी बोलून दाखवलं. थोड्याच दिवसांनी, एका पहाटे गाडी पुसताना मिस्त्रींनी सहज हेडलाइट उघडला. जोड सुटायच्या बेतात होता. "बघ, मी म्हणत नव्हतो?" हे शब्द अगदी ओठांवर आले. पण तो चेहरा आठवला आणि त्यांनी शब्द गिळले. जोड घट्ट केला, काजळी धरलेला प्लग साफ केला, काच लावून टाकली.

तेव्हापासून रोजचाच नेम झाला. बाई आंघोळ करून देवापुढे बसल्या की इकडे मिस्त्री हरणीपुढे बसायचे. आत आरती, बाहेर पाना. बाई बाहेर येईपर्यंत हातात फक्त फडकं उरलेलं असायचं. बाई म्हणायच्या, नुसतं फडकं मारून गाड्या चालल्या असत्या तर तुमच्या गॅरेजला केव्हाच कुलूप लागलं असतं. मिस्त्री मान डोलवायचे. गिऱ्हाइकांसमोरही टोमणे चालायचे, की आमच्या घरातले जाणकार म्हणत होते ही रडवेल, आणि बघा, हरणी कधी बंद पडली नाही. मिस्त्री ते ऐकून गालातल्या गालात हसायचे. इतकी वर्षं हरून एवढा सुखी झालेला माणूस शोधून सापडायचा नाही.

एके दिवशी बाई घरी आल्या त्याच मुळी हवेत. मोठे डॉक्टर वस्त्यांवर जाणाऱ्या सगळ्या सिस्टरांना गाड्या देणार होते. कोणत्या कंपनीच्या घ्यायच्या ते त्यांनी बाईंना विचारलं होतं, कारण डोंगरात कधीच न अडकलेली गाडी एकच, बाईंची. बाईंनी हरणीचं नाव सांगून टाकलं होतं. सोमवारी मागणी जाणार होती.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. चाचरत म्हणाले, म्हैस घेतली तर बरं होईल. बाई खळखळून हसल्या. हरलेला डाव अजून किती वर्षं खेळणार, असं म्हणून त्यांनी ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी धाकटी सिस्टर गाडी शिकायला अंगणात आली. नवीनच लागलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी पोर. तिच्या वाट्याला सगळ्यात लांबची वस्ती, खिंडीपलीकडची. दुपारनंतर तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. हरणीवर बसली आणि हरखून म्हणाली, "भाऊजी, पाय टेकतात हो माझे!"

मिस्त्री हसले, पण नजर हेडलाइटकडे गेली. हिच्या हरणीचा जोड पहाटे कोण बघणार होतं? त्या संध्याकाळी ते नाम घ्यायला बसले, तर मन जागेवर राहीना. डोळे मिटले की खिंडीत गप्प झालेली गाडी दिसायची, मागे लशीची पेटी, आणि बाजूला उभी ती पोर. सांगावं तर बायकोच्या चेहऱ्यावरचा डोंगर जिंकल्याचा उजेड आपल्याच हाताने विझवायचा. न सांगावं तर देवाला तोंड कसं दाखवायचं?

पहाटे त्यांनी बाईंना बाहेर बोलावलं. हेडलाइट उघडून जोड दाखवला. बोट लावताच तो डुगडुगला.

"हा रोज सैल होतो. मी रोज घट्ट करतो."

"रोज?" बाई म्हणाल्या.

"तू देवापुढे बसलीस की."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा चढून आलीस ना, त्यानंतर लगेचच."

बाईंनी स्वतः बोट लावून जोड हलवून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मी दवाखान्यातल्या पोरींना सांगत फिरले, की मला कुणाची गरज लागत नाही." मिस्त्री पाना घेऊन पुढे झाले, तर म्हणाल्या, आज हात लावू नका. तशीच काच लावली, किक मारली आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मिस्त्रींनी एकाचं चाक दुसऱ्याच्या गाडीला लावलं. गिऱ्हाईक हसलं, मिस्त्री हसले नाहीत. नजर सारखी रस्त्याकडे.

उन्हं कलता कलता हरणीचा आवाज आला. बाईंचे हात कोपरापर्यंत काळे, गालावर काळा पट्टा. चढावर गाडी गप्प झाली होती. त्यांनी हेडलाइट उघडून जोड चिमटीने दाबला होता. पुन्हा गप्प, पुन्हा दाबला, अशी ती वाट काढली होती. पायरीवर बसल्या. मिस्त्रींनी बादली भरून आणली आणि तेही खाली बसून त्यांच्या बोटांवरचं काळं साबणाने काढू लागले. बाईंनी हात मागे घेतला नाही.

"रडवलंन हो तिने मला," त्या म्हणाल्या. "पण तिच्यापायी नाही, तुमच्यापायी रडले मी."

 हात स्वच्छ निघाले, पाणी काळं झालं, तेव्हा बाईंनी विचारलं, की आता टोमणा नाही, वाद नाही, धाकटी आपली पोर आहे असं समजून सांगा, कोणती घ्यायची? मिस्त्रींनी सांगितलं. जावई नको, त्याची मिजास सांभाळायला पोरींना वेळ नाही. म्हैस घ्या, तिच्या वायरी जाड आहेत, आणि बंद पडलीच तर साध्या पान्याने उघडते. उंच आहे हे खरं. तर सीटचा फोम कापून ती मी बुटकी करून देतो.

सोमवारी बाई डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि आपलाच शब्द फिरवला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. तुमची हरणी तर कधी बंद पडली नाही, म्हणाले.

"तिला घरी माणूस आहे, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "या पोरींच्या गाड्यांना नाही."

म्हशी आल्या. मिस्त्रींनी एकेक सीट कापून, परत शिवून दिली. कुणाचे पाय टेकले, कुणाचे नुसते चवडे. पण धाकटी खिंड ओलांडून गेली आणि दिवेलागणीच्या आत परत आली. बाईंनी आपली हरणी सोडली नाही. आता पहाटे दोघंही तिच्यापुढे उकिडवे बसतात. बाई काच धरतात, मिस्त्री जोड बघतात, आणि आरती बाहेरच होते, पुटपुटत, थोडी चुकत. टोमणे आहेतच. फडक्याचा टोमणा तेवढा बंद झाला.

एवढीच गोष्ट. आता उठायच्या आधी एक मागणं. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा, खिंडीपलीकडे एकट्या जाणाऱ्या त्या धाकट्या सिस्टरची आठवण असू द्या. तिला घरी कुणी नाही. आपण असू.