बाकावरचा नुकुई

आमच्या मिनासे गावाचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षं दुसऱ्या लीगमध्ये आहे. वर चढत नाही, खाली घसरत नाही. या स्थैर्याचा आम्हाला फार अभिमान. समुद्राकडून वारं सुटलेलं असलं तरी लोक कानटोप्या घालून स्टेडियमवर येतात, बरोबरी झाली की समाधानाने घरी जातात आणि वाटेत माझ्या दुकानात गरम उदोन नूडल्स खातात.

नुकुई यासुनारी शाळा संपवून थेट या संघात आला तो गोलकीपर म्हणून. उंच, लांब हातांचा, खाली मान घालून बोलणारा पोरगा. पण गोलकीपरचं एक दुर्दैव असतं. बाकीच्या दहा जागांवरची माणसं सतत बदलत असतात; गोलात एकदा उभा राहिलेला माणूस मात्र हाडबिड मोडल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि आमच्या गोलात उभ्या असलेल्या त्सुकुदाची हाडं दणकट होती.

नुकुई दर मॅचला सगळा सराव करायचा, हातमोजे चढवायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. मॅच संपली की हातमोजे काढायचा. त्याचं लग्न झालं, केस विरळ झाले, तरी हाच क्रम चालू.

मग एकदा टीव्हीवाले त्सुकुदाची मुलाखत घ्यायला आले. त्सुकुदा दंतवैद्याकडे अडकला होता. रिकामं परत कसं जायचं, म्हणून त्यांनी बाकाजवळ पाण्याच्या बाटल्या नीट लावत बसलेल्या नुकुईवरच कार्यक्रम केला. ‘संधी न मिळालेला माणूस’ असं कार्यक्रमाचं नाव. मागे पियानो, पुढे नुकुईची पाठ. अख्खा जपान रडला.

तिथून नुकुईचं नशीब फळफळलं. म्हणजे लोकांच्या मते. हाचिया यांच्या माशाच्या वड्यांच्या कारखान्याने बाकावर बसलेल्या नुकुईची पोस्टरं स्टेशनास्टेशनावर लावली. खाली ओळ होती, ‘थांबा. चव मुरतेय.’ सामन्यांना त्याच्या नावाचे टॉवेल गोल करणाऱ्यांच्या टॉवेलपेक्षा जास्त खपू लागले. कंपन्या त्याला सहनशीलतेवर भाषणं द्यायला बोलावू लागल्या. ज्यांची बढती रखडली होती, त्यांना पहिल्या रांगेत बसवत.

एकदा दुपारी तो दुकानात येऊन बसला.

“काकू, काल एका विमा कंपनीत भाषण दिलं. लोक हुंदके देऊन रडले.”

“काय बोललास एवढं?”

“मला खेळायचंय, असं म्हणालो.”

“मग?”

“त्यांचे साहेब म्हणाले, किती नम्र माणूस!”

त्याची बायको चिहारू शेजारी बसली होती. तिने त्याच्या वाटीत स्वतःच्या वाटीतला कांदा टाकला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी टेबलावर मूठ आपटून सांगा.”

“आपटली होती,” नुकुई म्हणाला. “त्यावर टाळ्या पडल्या.”

त्सुकुदाचा खांदा अखेर निखळला, पण मैदानावर नाही. मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनी पालकांची रस्सीखेच होती, तिथे. दुसऱ्या दिवशी मॅच. दुसरा इलाजच नव्हता.

नुकुई गोलात उभा राहिला. पहिला चेंडू त्याने छातीशी धरला तो इतका घट्ट, की पंचाला सांगावं लागलं, सोडा आता. उत्तरार्धात पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. नुकुई डावीकडे झेपावला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला. आम्ही जिंकलो. चिहारू माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड इतका दाबला की निळा पडला.

पुढची मॅचही जिंकली. त्याच्या पुढचीही. नुकुई बचावफळीवर असा ओरडायचा, की हा माणूस इतकी वर्षं हे सगळं कुठे साठवून बसला होता, असं वाटावं. वर्तमानपत्रात वरच्या लीगची भाषा सुरू झाली आणि मिनासेत काळजी पसरली. वरच्या लीगमध्ये गेलो तर हरावं लागणार, तिकिटं महागणार, बाहेरचे लोक येणार. त्याहून मोठी अडचण हाचियांची झाली.

बैठक माझ्याच दुकानाच्या माडीवर झाली. संघाचे व्यवस्थापक इनागाकी, हाचिया आणि नुकुई. मी चहा ओतत होते.

“नुकुई-सान, तुम्ही फार सुंदर खेळताय,” इनागाकी म्हणाले. “हीच जरा पंचाईत झालीय.”

हाचियांनी रुमालाने मान पुसली. “आमचं नवं पोस्टर छापून तयार आहे हो. त्यात तुम्ही बसलेले आहात.”

“मग मी काय करू? गोल खाऊ?”

“छे छे! असं कोण म्हणेल?” इनागाकी घाईघाईने म्हणाले. “फक्त, लोकांच्या मनातला नुकुई जो आहे ना, तो सांभाळायला हवा.”

“त्सुकुदाचा खांदा अजून बरा नाही. त्याचा हात डोक्याच्या वर जात नाही.”

“पण उत्साह किती आहे त्याचा!” हाचिया म्हणाले.

मी कपात चहा ओतला तो थोडा हाचियांच्या मांडीवर सांडला. मी माफी मागितली. वाकून, रीतसर.

पुढच्या मॅचला नुकुई बाकावर परतला. पेनल्टी अडवली होती तेव्हा पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या दिवशी पडल्या. लोक उभे राहिले. म्हाताऱ्या बायका डोळ्याला टॉवेल लावत होत्या, त्याच्याच नावाचा. त्सुकुदाच्या डोक्यावरून चेंडू सुखरूप आत जात राहिले आणि हंगाम संपेपर्यंत आम्ही आमच्या हक्काच्या जागी येऊन टेकलो.

शेवटच्या मॅचनंतर निरोपसमारंभ होता. कोणाचा, ते नुकुईला मैदानाच्या मध्यभागी उभं केल्यावर कळलं. फुलं झाली, त्याच्या आईला मंचावर आणलं, आणि संघाने चक्क तो बाकच उखडून, नावाची पितळी पट्टी ठोकून त्याला भेट दिला. मग त्याच्या हातात माइक दिला.

“आभारी आहे,” नुकुई म्हणाला. “पण मी निवृत्त झालेलो नाही. हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही.”

मग निवेदकाने घोगऱ्या आवाजात म्हटलं, “शेवटच्या क्षणीसुद्धा आपल्याला हसवणारा हा माणूस!”

“मी खरं बोलतोय. मला अजून खेळायचंय!”

लोक ढसाढसा रडू लागले. कोणीतरी माइक बंद करून संगीत लावलं. नुकुई ओरडत राहिला. त्याचे ओठ हलताना स्टेडियमच्या पडद्यावर मोठे दिसत होते. बाक त्याने नेला नाही. आता तो नगरपालिकेच्या दालनात आहे, आणि त्यावर बसायला मनाई आहे.

वसंतात नुकुई आणि चिहारू शिकोकू बेटावरच्या एका कागदगिरणीच्या गावी राहायला गेले. तिथला संघ पार खालच्या प्रादेशिक लीगमधला. खेळाडू सकाळी गिरणीत, संध्याकाळी मैदानावर. नुकुई पुठ्ठ्यांच्या विभागात लागला. उन्हाळ्यात दुकान बंद ठेवून मी त्यांना भेटायला गेले.

मैदानाला प्रेक्षागृह नव्हतं, गवताचा उतार होता. सुरुवातीलाच एक चेंडू नुकुईच्या दोन पायांमधून आत गेला. गोलामागे एक टकला म्हातारा उभा होता.

“अरे ए लांबोड्या! पाय आहेत की दरवाजा? झोपलास काय?”

मी रागाने उठायला लागले. चिहारूने मला खाली ओढलं. तिचा चेहरा फुलला होता.

“बसा हो काकू. इथे दर रविवारी शिव्या घालतात त्यांना.”

ते चार-दोनने हरले. घरी आल्यावर नुकुईने मीठदाणी, सोयाची बाटली आणि माझा चष्मा टेबलावर मांडला आणि चारही गोल कसे झाले ते मला समजावून सांगायला बसला. तिसऱ्यात चूक बचावफळीची होती, चौथ्यात त्याची स्वतःची. पहिल्याबद्दल त्याचं मत अजून ठरत नव्हतं, म्हणून त्याने तो पुन्हा मांडला. चिहारू दोनदा म्हणाली की भात गार होतोय. चष्मा त्याच्याकडे होता, त्यामुळे मला नीटसं काही दिसत नव्हतं, पण मी मान डोलावत राहिले.