फोटोचा थांबा

"एक तरी असेल," ताई म्हणाली. "अख्खा दिवस बरोबर होतात तुम्ही दोघं. एक तरी काढला असशीलच ना त्यांचा?"

तो कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि ताई त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. पडद्यावर गेल्या हिवाळ्यातला एक रविवार उघडा होता. एकशे बारा फोटो. वाफेचं इंजिन पुलावर, वाफेचं इंजिन वळणावर, इंजिनाची चाकं, इंजिनाचं धुराडं. मागे पिंजलेल्या कापसासारखी वाफ, रुळांकडेचं दवाने पांढरं पडलेलं गवत. माणूस एकाही फोटोत नव्हता.

"मी माणसांचे काढत नाही गं," तो म्हणाला.

"माणसांचा कोण मागतंय? त्यांचा मागतेय मी."

त्याने पुढचा फोटो उघडला.

भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते. ताईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि एकही मनासारखा मिळत नव्हता. "लग्नातला लावला तर येणारे-जाणारे विचारतात, हा मुलगा कोण. ओळखपत्रावरच्यात ते चोरासारखे दिसतात. शेवटच्या दोन महिन्यांतले लेकीने मोबाईलवर काढलेत, ते मला बघवत नाहीत." तिने वाकून पडद्याकडे बघितलं. "तुझ्याबरोबर त्या गाडीला जाऊन आले ना, तेव्हा जेवताना नुसतं इंजिन आणि इंजिन. इतकं बोलले, इतकं बोलले. म्हटलं, त्या दिवशीचा चेहरा असेल तुझ्याकडे."

तो एकेक फोटो पुढे सरकवत राहिला. सत्त्याऐंशीव्याला तिने त्याचा हात धरला.

"हे काय आहे?"

डाव्या कडेला तपकिरी लोकरीचा एक तुकडा आत आला होता. कोपर.

"त्यांचा स्वेटर," ती म्हणाली आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं. "कोपर विरलं होतं. तपकिरी लोकर मिळाली नाही म्हणून मी करडी लावली. दिसतेय बघ."

दिसत होती. हा फोटो त्याच्या चांगला लक्षात होता. मोठा करून घेताना त्याने ती कडा कापून टाकली होती.

ताई बराच वेळ त्या कोपराकडे बघत राहिली. मग पदराने पडद्यावरचा बोटाचा ठसा पुसत म्हणाली, "मला एकदा घेऊन चल तिथे."

"थंडी फार असते. पहाटे उठावं लागतं."

"मग काय झालं? तशीही मला झोप कुठे असते."

तो शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढायचा. बावीस वर्षं तेच काम. जाड दाराआड अंधारी खोली, शिशाचा जड एप्रन, आणि काचेपलीकडे उघड्या छातीने कुडकुडत उभा असलेला कुणीतरी. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तो हे म्हणायचा, आणि त्याचं दिवसभरातलं निम्मं बोलणं त्यातच संपायचं. लग्न जमवायचे दोन-तीन प्रयत्न ताईनेच करून पाहिले होते. ते का फिसकटले, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणण्याइतकं कुणी जवळही आलं नव्हतं. दोन खोल्यांत तो एकटा राहायचा, आणि हिवाळ्याचे तीन महिने सोडले तर त्याच्या वर्षात वाट बघावी असं काही नव्हतं.

त्या तीन महिन्यांत, जुनी इंजिनं जिवापाड सांभाळणारं एक हौशी मंडळ रविवारी वाफेची गाडी सोडायचं. हिवाळ्यातच, कारण गार हवेतच वाफ दाट आणि पांढरी दिसते. उन्हाळ्यात ती बाहेर पडते न पडते तोच विरून जाते. वाटेत माळावर एक फोटोचा थांबा असायचा. हौशी मंडळी कॅमेरे घेऊन खाली उतरायची, गाडी अर्धा मैल मागे जायची आणि मग शिट्या देत, धूर ओकत, जणू कुणीच बघत नाही अशा थाटात चढावरून पुढे यायची. तो नेहमी टेकाडावरची एकच जागा धरायचा. तिथून वळण पुरं दिसायचं. अडचण एवढीच, की समोर कुणी ना कुणी यायचंच. शालीतली आजी, हातात हात घालून उभं असलेलं नवं जोडपं. तो अदबीने म्हणायचा, "जरा बाजूला होता का?" लोक व्हायचे. चौदा हिवाळे असे गेले. हजारो फोटो जमले, आणि सगळे कसे स्वच्छ होते.

भाऊजी अगदी उलट. पाणी खात्यात मीटर वाचायचे. दिवसाला शंभर घरं, आणि प्रत्येक घरी दोन शब्द बोलल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. कुणाच्या सुनेला मुलगी झाली, कुणाच्या नळाला नुसतीच हवा येते, सगळं त्यांना तोंडपाठ. "धुराचे फोटो काढतोस?" ते मेहुण्याला चिडवायचे. "अरे, धूर काय पळून चाललाय? माझ्याबरोबर चार घरं हिंड, तुला चेहरे दाखवतो एकेक." मेहुणा हसून सोडून द्यायचा. गाडीला मात्र भाऊजी कधी आले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. दोन महिने हटेना, तेव्हा ताईने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिला आणि एका शुक्रवारी भाऊजी तळघरात हजर झाले.

"हसू का?" काचेपलीकडून त्यांनी विचारलं.

"हनुवटी वर. श्वास घ्या," तो म्हणाला. "धरून ठेवा. सोडा."

समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं. फासळ्या, हृदय, आणि उजवीकडे वरच्या बाजूला लिंबाएवढी एक सावली. कडा गोल नव्हती, मुळं फुटल्यासारखी होती. बावीस वर्षांत त्याने अशी सावली किती वेळा पाहिली होती, कोण जाणे. तिचा अर्थ समजायला त्याला डॉक्टरची गरज नव्हती. पण फोटो काढणाऱ्याने फोटोबद्दल बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता, आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. खरं सांगायचं तर त्या नियमाचा त्याला आधारच वाटायचा.

बाहेर भाऊजी शर्टाची बटणं लावत होते. "काय, चांगला आला का फोटो?"

"चांगला आलाय," तो म्हणाला. "रिपोर्ट बुधवारी मिळेल."

भाऊजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. रोज शंभर दारांत उभा राहणारा माणूस तो; दार उघडणाऱ्याचा चेहरा वाचणं हेच त्याचं आयुष्य. त्यांनी शेवटचं बटण लावलं आणि ते निघाले. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांचा फोन आला. "उद्या तुझ्या गाडीत जागा आहे का रे एक?"

तो रविवार त्याला मिनिटामिनिटाने आठवत होता. डब्यात भाऊजी समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याशी गप्पा मारत बसले, त्यांच्याकडची बिस्किटं खाल्ली, त्यांना आपली उकडलेली अंडी दिली. थांबा आल्यावर टेकाड चढताना तीनदा थांबले. वर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून दम घेत उभे राहिले. त्याने तिवई लावली, कॅमेरा बसवला. गाडी मागे गेली होती आणि माळावर सामसूम झाली होती.

"एक विचारू का तुला?" भाऊजी म्हणाले.

"विचारा ना."

"बुधवारपर्यंत थांबूच का मी?"

प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवायची सोय नव्हती. भाऊजी हाताच्या अंतरावर उभे होते आणि त्यांच्या आवाजात मस्करी नव्हती. तेवढ्यात खालून, वळणापलीकडून शिटी झाली.

"भाऊजी," तो म्हणाला, "जरा बाजूला होता का? गाडी येतेय."

"हो, हो," भाऊजी म्हणाले आणि डावीकडे दोन पावलं सरकले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. गाडी गेल्यावर टाळ्या वाजवल्या, आणि परतीच्या वाटेवर त्या म्हाताऱ्या जोडप्याला इतकं हसवलं, की आजींच्या डोळ्यांना पाणी आलं. बुधवारी रिपोर्ट आला.

भाऊजींचा स्वच्छ म्हणावा असा एकच फोटो त्याने आयुष्यात काढला होता. तो इस्पितळाच्या दप्तरात होता, आणि त्याला चेहरा नव्हता.

या हिवाळ्यातल्या दुसऱ्या रविवारी तो ताईला घेऊन निघाला. दोन शाली, कानटोपी आणि पायांत लेकीचे बूट, असा तिचा थाट होता. डब्यात ती खिडकीशी बसली, इंजिनाने पहिला हिसका दिला तेव्हा दचकली आणि मग स्वतःशीच हसली. थांब्यावर उतरल्यावर टेकाड चढायला तिने वेळ घेतला, पण हात दिला तो घेतला नाही.

"कुठे उभे होते?"

"मी इथे. ते तिथे, डावीकडे."

ती तिथे जाऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघितलं. बघण्यासारखं फारसं नव्हतं. गवत, रूळ, पलीकडे एक बंद पडलेली वीटभट्टी. गाडी मागे सरकत दिसेनाशी झाली.

"काय बोललात रे इतकं?" तिने विचारलं. "मला म्हणाले, मेहुण्याशी आज पोटभर बोललो. तुम्हा दोघांना लग्नापासून एकत्र बघतेय मी. तू पोटभर बोललास हे ऐकूनच मला नवल वाटलं होतं."

तो तिवईचे स्क्रू आवळत होता. आवळलेलेच होते. 'असंच, इकडचं तिकडचं,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. भाऊजींनी त्याच्यासाठी तेवढी वाट मोकळी करून ठेवली होती.

"नाही बोललो, ताई," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं मला."

"काय विचारलं?"

"बुधवारपर्यंत थांबू का, असं विचारलं. मला शुक्रवारीच दिसलं होतं. फोटो मीच काढला होता ना. मी म्हटलं, बाजूला व्हा, गाडी येतेय."

एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला, कोण जाणे. ताईचा चेहरा शालीत होता, फक्त डोळे दिसत होते. ते त्याच्यावरून हटले नाहीत. वळणापलीकडून शिटी झाली. खाली ओळीने उभे असलेले कॅमेरेवाले सरसावले. गाडी आली, जमीन थरथरली, पांढऱ्या वाफेचा लोट टेकाडापर्यंत चढला आणि त्या दोघांमधून पलीकडे गेला. खाली कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. त्याने आपल्या कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आवाज विरल्यावर ताई म्हणाली, "शुक्रवार ते बुधवार. पाच दिवस."

"हो."

"पाच दिवसांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर म्हणालेच होते, उशीर झालाय."

त्याने मान वर केली.

"पण तुला विचारलं रे त्यांनी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला नाही विचारलं. लेकीला नाही. रात्री माझ्या शेजारी जागे असायचे, पण मला एका शब्दाने विचारलं नाही. तुला विचारलं."

मग ती टेकाड उतरू लागली. तो सामान गोळा करून मागोमाग निघाला.

परतीच्या दोन तासांत ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने थर्मासमधला चहा ओतून दिला, तो तिने घेतला आणि निवेपर्यंत हातात धरून ठेवला. पलीकडच्या बाकावरचा एक ओळखीचा कॅमेरेवाला, निवृत्त मास्तर, वाकून म्हणाला, "काय, आजची वाफ बघितलीत का? वर्षातून एखादवेळी अशी मिळते. तुमचा कसा आला?"

"नाही काढला."

मास्तरांना ती थट्टा वाटली. ते हसून आपले फोटो दाखवू लागले. त्याने ते सगळे बघितले. छान होते. ताई खिडकीबाहेर बघत होती. काचेवर तिच्या श्वासाचा ठिपका उमटत होता, विरत होता.

स्टेशन आलं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. इंजिनाभोवती गर्दी झाली. ताई एकटीच डब्यातून उतरली आणि रूळ ओलांडायच्या पुलाकडे चालू लागली. तो तिवई खांद्यावर टाकून चार पावलं मागे राहिला. बरोबरीने चालायचा त्याला धीर होत नव्हता. कठडा धरून ती पूल चढली, वरचा लांबलचक पत्रा तुडवत पलीकडच्या टोकाला गेली आणि उतरायच्या पायऱ्यांशी थांबली. पायऱ्या चढताना तिचे गुडघे साथ द्यायचे, उतरताना नाही. आजूबाजूने माणसं उतरून जात होती. त्यांना वाट देत ती कडेला उभी राहिली.

तोही दोन पावलं मागे थांबला.

ताईने मागे वळून बघितलं नाही. डावा हात तेवढा शालीतून बाहेर काढला आणि बाजूला धरला.

त्याने तिवई दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तिचा हात हातात घेतला. थंडगार होता. ती एक पायरी उतरली, त्या पायरीवर दोन्ही पाय टेकले, मग पुढची. खाली अजून चाळीसेक पायऱ्या होत्या.