पाठीत धपाटा

मी रक्तपेढीच्या खिडकीतला संगणक. एरवी सावकाश बोलतो, आज मात्र रागाने बोलणार आहे.

नवा होतो तेव्हा माझ्यावर धुळीचा कण बसू देत नसत. पुढे ‘म्हातारा’ नाव पडलं. उत्तराला उशीर झाला की खिडकीवरचे कारकून पाठीत धपाटा घालत. पाणी आलं नाही म्हणून कुणी नळाला मारतं का?

काल एक बाई आली. धाकटा भाऊ आत ऑपरेशनच्या टेबलावर, रक्तगट दुर्मीळ. शहरात पेढ्या तीन. पिशवी कुठे आहे ते मी सांगायचं. कारकुनांनी विचारलं, मी कामाला लागलो.

“होतंय का हो, दादा?”

“मशीन झोपलंय, ताई. नवीन येतंय.” आणि दिला धपाटा.

झोपलो होतो? मला हुकूम काय होता ते ऐका. तिन्ही पेढ्यांच्या सगळ्या नोंदी एका ढिगात ओत. एकच नोंद दोनदा आली नाही ना, म्हणून सगळ्या ताडून बघ. मग हवा तो गट शोध. अरे, एक पिशवी दोन पेढ्यांत असेल कशी? प्रत्येक पेढीत नोंदी गटवार लावलेल्या. त्या विस्कटायच्या आणि मग शोधत बसायचं!

प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी नव्या यंत्रासाठी आली होती. तिने हात उगारला नाही. मला घातलेला प्रश्न वाचला.

“काका, मूल हरवलं तर तिन्ही शाळांची पोरं मैदानात गोळा कराल, की प्रत्येक शाळेत त्याच्या वर्गात डोकावाल?”

“वर्गातच की.”

“मग याला मैदान का दाखवलंत?”

तिने ताडून बघणं काढून टाकलं. आधी प्रत्येक पेढीत गट शोध, मग एकत्र कर, असं लिहिलं. बाई खिडकीची कड घट्ट धरून उभी. पापणी लवायच्या आत मी सांगितलं: तिसरी पेढी, दोन पिशव्या.

“देवासारखे धावलात, दादा,” बाई कारकुनांना म्हणाली.

“अहो, त्यात काय.”

भाऊ वाचला. सफाईच्या मावशींना बोलताना ऐकलं, बरं वाटलं. आता मी कोपऱ्यात आहे, भिंतीकडे तोंड करून. उद्या भंगारवाला येईल. त्याचं दुःख नाही. पण कालच्या आधी त्या खिडकीशी जे ताटकळले, ते मलाच शिव्याशाप देऊन गेले, त्याचं काय?

माझ्या जागी बसलेलं यंत्र तरणंताठं आहे. तेही एक दिवस अडेल. तेव्हा हात उगारण्याआधी, बाबांनो, आपण त्याला काय विचारलंय ते एकदा वाचा.