ऑपरेशन नको म्हणते

गोदाबाईला छातीतली गाठ पहिल्यांदा लागली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत. चिखलाच्या बांधीत वाकली की डाव्या बाजूला काहीतरी टोचायचं. पण रोवणी अर्ध्यावर टाकून बाईमाणसानं असलं गाऱ्हाणं कोणाजवळ न्यायचं? धान निसवायला आलं तेव्हा जाऊ जिजाबाईनं आंघोळीच्या वेळी ती गाठ पाहिली आणि तिच्या हातातला तांब्याच खाली पडला. जिजाबाईनं नवऱ्याला सांगितलं, त्यानं आपल्या भावाला, म्हणजे गोदाबाईच्या मालकाला, तेजरामला सांगितलं. तेजराम दुसऱ्याच सकाळी तिला किरनापूरच्या मोटारीत बसवून बालाघाटला घेऊन गेला.

दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता, हिंदी बोलणारा. गोदाबाईनं पदर बाजूला केला, पण पोलकं काढायला ती तयार होईना. परक्या पुरुषासमोर काढायचं कसं? डॉक्टरनं कापडावरूनच गाठ चाचपली. काख पाहायची म्हणाला, तर तिनं हात अंगाशी घट्ट दाबून धरला. त्यानं एक-दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं आणि तेजरामकडे वळला.

"पूरा स्तन निकालना पड़ेगा. सोमवार को भरती कर दो. देर मत करना."

तेजरामनं मान हलवली. गोदाबाईला कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ महागू सायकल मारत आला. तो भरवेलीच्या खाणीत कामाला होता, चार लोकांत वावरलेला. ओसरीवर बसल्या बसल्या त्यानं विषय काढला.

"भाऊजी, एवढं मोठं काम अन् एकाच डॉक्टरच्या शब्दावर? नागपूरले दाखवून तं पाहू."

"अन् तथी बी हेच सांगतलं तं?" तेजराम म्हणाला. "डॉक्टर देर करू नका म्हणून राह्यला. अन् त्याले काय वाटन? आमच्यावर भरोसा नाई म्हणून पयाले, असंच ना?"

"वाटू द्या. एक डाव कापल्यावर परत येते का ते?"

आत चुलीपाशी गोदाबाई सगळं ऐकत होती. कापाकापीचं भेव होतंच. पण त्याहून मोठं भेव होतं ते नंतर तळ्यावर चार बायांत आंघोळीला उतरायचं. आणि त्याच्याही खाली, कोणाला सांगता येणार नाही अशी, एक आशा होती. नागपूरचा डॉक्टर मोठा. त्यानं नुसता हात लावावा आणि म्हणावं, हे काहीच नाही, गोळ्या घ्या.

ती दारात येऊन उभी राहिली. दोघं पुरुष बोलत असताना मधी बोलायची तिची रीत नव्हती.

"मले नागपूरले न्या," ती म्हणाली. "त्याच्याबिगर मी सोमवारी जात नाई."

तेजराम तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "हौ. जाऊ."

बालाघाटहून छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. दवाखान्यात बायांचं खातं वेगळं होतं. पुरुषांना व्हरांड्यातच थांबवलं. आत टेबलापाशी केस पिकलेली एक डॉक्टरीणबाई होती, आणि ती मराठी बोलत होती.

"हात असा का धरलाय? काढा पोलकं. इथं आपण बायाच आहोत."

गोदाबाईनं पोलकं काढलं. बाईनं गाठ पाहिली, काखेत बोटं घातली, मग मानेशी, हासळीच्या हाडावर. तिथं बोटं थांबली. उजव्या बरगडीखाली दाबलं. शेवटी मूठ करून पाठीच्या कण्यावर हळूच ठोकत खाली आली, आणि एके ठिकाणी गोदाबाईच्या तोंडून किंकाळी निघाली.

"पाठ कधीपासून दुखते?"

"रोवणीपासून. मले वाटलं, वाकून वाकून दुखत असन."

बाईनं हात धुतले. बराच वेळ धुतले. "सोबत कोण आहे? बोलवा त्यांना."

"मालक हायत, भाऊ हाय. पन बाई, मलेच सांगा. आंग माहं हाय."

डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"ऑपरेशन करू नका. आता त्याचा उपयोग नाही. दुखणं छातीपुरतं राहिलेलं नाही. मानेत गेलंय, पोटात यकृतापर्यंत गेलंय, पाठीच्या हाडातही गेलं असावं. छाती काढली तरी ते आहे तिथंच राहणार. उगीच जखम घेऊन पडून राहाल."

"मंग औषध?"

"दुखेल तेव्हा घ्यायला देते."

"रोवणीतच आली असती तं?"

"ते आता कोणाला सांगता येणार नाही." बाईनं गोळ्यांची पुडी तिच्या हातात दिली. "मालकांना मी सांगू?"

"नाई. मीच सांगीन."

तिनं पोलक्याचे हूक लावले. मनात वाक्य जुळवत ती बाहेर आली: ऑपरेशन नको म्हणते, कारण आता काही उरलं नाही. एका दमात बोलून टाकायचं, असं ठरवूनच ती दाराबाहेर पडली.

तेजराम खांबाशी उभा होता. तिला पाहून पुढं झाला. "काय म्हणते?"

"ऑपरेशन नको म्हणते…"

पुढचा शब्द यायच्या आत तेजरामनं दोन्ही हात जोडले. डोळे मिटले, खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला आणि हा एवढा मोठा माणूस खांबाला कपाळ टेकून रडू लागला. महागूनं मांडीवर थाप मारली. "म्या म्हटलं नवतं? म्या म्हटलं नवतं का, भाऊजी?"

गोदाबाईनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

गाडीत सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. गाडीत तेजरामनं संत्री घेतली, सोलून एक एक फोड तिच्या हातावर ठेवली. लग्नापासून त्यानं असं कधी केलं नव्हतं. समोरच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता, कापणार होते बावा, थोडक्यात वाचली. गोंदियाला सांगू. घरी गेल्यावर सांगू. घरी पोरगी पुष्पलता धावत येऊन गळ्यात पडली, जिजाबाईनं पुऱ्या तळल्या.

तेजराम तिला घेऊन बालाघाटच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. राग नव्हता त्याचा, आनंद होता, तो सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. डॉक्टरनं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा गोंधळला. तेजराम दाराशी कंपाउंडरला हकीकत सांगत उभा राहिला, तेवढ्यात डॉक्टरनं गोदाबाईच्या हासळीवर बोट टेकवलं आणि तो समजला.

"बताया नहीं इनको?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"बताना पड़ेगा, बाई."

धान कापून झालं, बैलांखाली धानाचं चुरणं सुरू झालं. खळ्यावर सूप उचलताना तिच्या पाठीत कळ गेली आणि ती बसली ती उठलीच नाही. तिला बाजेवर घालून घरी आणलं. छातीवरची कातडी फुटली, लुगड्याला डाग पडू लागले, वास येऊ लागला.

तेजराम भडकला. "त्या बाईले काही समजत नाई! नको म्हणते म्हणे! गाडी करून नेतो तुले, तिच्या तोंडावर इचारतो. तुहा जीव घेतला तिनं."

आता गप्प राहणं गोदाबाईला जमेना. तिच्याशी सरळ बोलणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं होतं. त्याला शिव्या पडाव्यात हे तिला सहन होईना.

"तिचं नाई चुकलं," ती म्हणाली. "तिनं मले सारं सांगतलं होतं. उशीर झाला, कापून बी काही होत नाई, म्हणून नको म्हटलं तिनं."

तेजराम उभ्याचा बसला.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतच होती. तुमी हात जोडले."

"मी गावभर सांगत फिरलो," तो म्हणाला. "अन् तू पाहत राह्यली." मग एकदम ओरडला, "मले हासू काहून देलं? काहून?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल असं तिला वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त आता भिंतीकडे तोंड करून पडणारी घरात दोन माणसं झाली.

तो तिची जखम धुवायचा, कढवलेल्या पाण्यात फडकं भिजवून, हलक्या हातानं.  एकदाच, फडकं पिळता पिळता त्यानं विचारलं, "बालाघाटच्या डॉक्टरले आंगाले हात लावू देला असता तं?"

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

  मग भांडं उचलून तो पाणी फेकायला परसात गेला.

माघ सरता सरता गोदाबाई गेली. तोवर वेदना इतक्या वाढल्या होत्या की नागपूरच्या गोळ्यांनी काही होत नव्हतं, आणि शेवटी शेवटी तिला पुष्पलताही ओळखू येत नव्हती.