हस्तिदंती म्हणवून घेतलेला उंट

मी एक जुना उंट आहे, मित्रांनो, पण मला ना लांब मान, ना कुबड. घुमटासारखे अंग आणि वर एवढीशी शेंडी. बुद्धिबळाच्या पटावर मी तिरका चालतो. सोलापुरात महादेवप्पांच्या घरी आम्हा बत्तीस जणांचे बिऱ्हाड आहे.

महादेवप्पांच्या वडिलांनी आम्हांला अक्कलकोटच्या बाजारात एका दूरदेशच्या फेरीवाल्याकडून घेतले. "अस्सल हस्तिदंत!" तो म्हणाला. आम्ही सगळे उंटाच्या हाडाचे, हे मला ठाऊक होते. पण येणारा-जाणारा "वा, हस्तिदंती!" म्हणून तळहातावर घेई, ते मला गोड लागे.

एकदा पडून माझी शेंडी तुटली. घरची शिकलेली सून शांतम्मा मला कोंडीबा कातारी याच्याकडे घेऊन गेली. लाटणी नि भोवरे करणारा तो म्हातारा. त्याने मला उजेडात फिरवले, क्षणभर थबकला, आणि काही न बोलता पांढऱ्या लाकडाची शेंडी बसवली.

पुढे शांतम्माच्या लेकीला दात येऊ लागले. हस्तिदंत चावला की दात सुखाने येतात, म्हणून आजीने मला तिच्या हाती दिले. शेंडी निघून घशात गेली तर, या धास्तीने शांतम्मा जवळून हलेना. लाळेने मी भिजलो आणि अंगावरचे बारीक काळे ठिपके तिला दिसले. हस्तिदंतावर रेघांची जाळी असते, ठिपके हाडावर, हे तिने वाचले होते. लिंगायताच्या घरी, लेकराच्या तोंडात हाड!

"मामंजी, कातार्‍यानं उंट बदलला हो!"

महादेवप्पांनी भर गल्लीत कोंडीबाला गाठले. "हस्तिदंत गिळलास आणि हाड चिकटवलंस की रे!"

"उंट तुमचाच हाय, मालक. मी नुस्ती शेंडी बसवली."

कोणी ऐकले नाही. पोरे त्याला 'हाडक्या' म्हणू लागली. त्याच्याकडे लाटणे टाकायलाही कोणी जाईना.

महिन्याने शांतम्माने उरलेल्या सोंगट्या परातीत धुवायला घातल्या. पाण्यात एकतिसांच्या एकतीस अंगांवर तेच ठिपके! या तर कोंडीबाच्या दुकानाची पायरीही चढल्या नव्हत्या.

लेकीला कडेवर घेऊन ती तशीच दुकानी गेली. "कोंडीबा, माझंच चुकलं. पण तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला तवाच दिसलं व्हतं, अक्का. पन थोरलं मालक मरूस्तवर हस्तिदंती म्हनत गेलं. त्येंचा मान मी कशाला मोडू?"

ज्या गल्लीत त्याला बोल लागला, त्याच गल्लीत शांतम्मा उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कोंडीबानं काही बदललं नाही. सगळा डाव मुळातच हाडाचा आहे. आळ मी घेतला."

लाटणी पुन्हा येऊ लागली. 'हाडक्या' हे नाव मात्र पुरते पुसले नाही.

आता मी माळ्यावर असतो. मित्रांनो, कोणावर आळ घेण्याआधी बत्तीसही सोंगट्या पाण्यात घालून पाहा. आणि खोटी स्तुती कानी आली, तर लगेच बोला. मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.