खटका

“सोडा आता,” बाई म्हणाल्या, तेव्हा मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपला हात अजून त्यांच्या सीटच्या पाठीवरच आहे. त्यांनी हात काढला. स्कूटर हलकेच घरघरली आणि बाई एकट्या पुढे निघून गेल्या.

मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. त्यांची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, बाईंची शाळेत भूगोल शिकवण्यात. जिन्यावरून पडून बाईंचा मणका दुखावला, पाय अधू झाले, तेव्हापासून मिस्त्री त्यांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभे होते. बँक असो, दवाखाना असो, लेकीचं लग्न असो, बाई पुढे आणि मिस्त्री मागे. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. मिस्त्री मान खाली घालायचे, पण आतून फुलायचे.

आज लेकीने नातीबरोबर दोघांनाही या भल्यामोठ्या थीम पार्कमध्ये आणलं होतं. एवढ्या आवारात खुर्ची ढकलणं बाबांना झेपायचं नाही, म्हणून तिने दारातच बॅटरीवरची स्कूटर भाड्याने घेतली. मिस्त्रींना कुणी विचारलंही नाही.

स्कूटर देणारा माणूस स्वतःच तसल्या स्कूटरवर बसलेला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता, डोक्यावर हिरवी टोपी. त्याने बाईंना शेजारी घेऊन गाडी शिकवली. दोघं मोकळ्या पट्ट्यावर जोडीने फेऱ्या मारू लागली. वळताना बाई कुंडीला धडकल्या. मिस्त्री धावले, तर बाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टोपीवाला म्हणाला, पहिल्या दिवशी त्याने तर अख्खं तिकीटघर हलवलं होतं. मग बसून बसून कंबर कशी धरते, उंच काउंटरपलीकडचा माणूस कसा दिसतच नाही, असल्या गप्पा रंगल्या. जन्माची ओळख असावी तशा. मिस्त्री बाजूला रिकामी खुर्ची धरून उभे राहिले. या वयात एका परक्या माणसाचा हेवा वाटावा, आणि तोही त्याला पाय नाही म्हणून, याची त्यांना लाज वाटली. पण हेवा काही लाजेला ऐकेना.

खुर्ची दारातच ठेवून घेतली गेली आणि बाईंच्या मनगटावर निळा पट्टा बांधला गेला. तो दाखवला की रांगेत उभं राहायला नको, बाजूच्या सपाट दाराने आत सोडत. सोबत एक माणूस. सोबतीचा माणूस म्हणजे आपणच, हे मिस्त्रींनी गृहीत धरलं होतं. पण होडीच्या राइडपाशी नातीने आजीचा हात धरला आणि बाई म्हणाल्या, “हिलाच नेते. तुम्ही गाडीकडे बघा.”

होडीवर कामाला असलेल्या दोन बायकांनी आधार देऊन बाईंना होडीत बसवलं. बाईंना कुठे धरायचं, किती वाकायचं, हे फक्त आपल्यालाच कळतं, अशी मिस्त्रींची समजूत होती. त्या बायकांनाही ते येत होतं. होडी बोगद्यात शिरली. लेक आइस्क्रीम आणायला गेली. मिस्त्री आणि स्कूटर समोरासमोर उरले.

“मोठी आलीय,” ते स्कूटरला म्हणाले.

मग सवयीने त्यांनी तिला खालून-वरून न्याहाळलं. सीटमागे मोटारीपाशी एक लाल खटका होता. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. खटका खाली, तर मोटार चाकांना धरते. खटका वर, तर चाकं मोकळी. दिवे लागतात, गाडी मात्र ढकलावी लागते. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं आणि खटका वर केला.

बाई बाहेर आल्या त्या भिजलेल्या, केस विस्कटलेल्या. स्कूटरवर बसून त्यांनी किल्ली फिरवली. गाडीने पीप पीप केलं आणि ढिम्म राहिली. बाईंनी पुन्हा फिरवली.

“मशीनचा काय भरवसा,” मिस्त्री म्हणाले. “मी आहे ना. ढकलतो.”

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ढकला.”

लेक आइस्क्रीम घेऊन आली आणि नातीला घेऊन पुढे आकाशपाळण्याकडे गेली. पाळण्याची वाट तळ्यावरच्या पुलावरून होती. मिस्त्रींनी सीटच्या पाठीला हात लावले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. तोंडही सुटलं. या बनावटीत वायरी कशा कच्च्या असतात, नव्या वस्तूंना टिकाव कसा नसतो, आपली खुर्चीच बरी, असं बरंच काही ते बोलले. पुढे चढ लागला. स्कूटर खुर्चीच्या तिप्पट जड. मिस्त्रींचा श्वास फुलला, बोलणं थांबलं, सदरा पाठीला चिकटला. पुलाच्या माथ्यावर ते पोचले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या.

“आता उतार आहे,” बाई समोर बघतच म्हणाल्या. “तो खटका खाली करा.”

मिस्त्रींनी चोरून खटक्याकडे पाहिलं.

“टोपीवाल्याने सगळ्यात आधी तेच दाखवलं. खटका वर असला की ब्रेक लागत नाही म्हणाला. उतारावर गाडी हातची सुटली तर खेळ खलास.”

मिस्त्रींनी खटका खाली दाबला. सरळ होत त्यांनी विचारलं, “मग होडीपाशीच का नाही बोललीस?”

“तुम्हाला ढकलायचं होतं.”

खाली तळ्यात होड्या फिरत होत्या. मिस्त्री कठड्याला टेकले आणि तोंडातून निघून गेलं, “त्याच्याशी केवढी हसत होतीस. माझ्याशी हसून किती वर्षं झाली?”

बाईंनी गाडी हळूच वळवली आणि त्या त्यांच्यासमोर आल्या. “अहो, तुम्ही मागे असता. मी हसू कुणाकडे बघून? समोरून येणाऱ्यांच्या पोटांकडे? घरातून निघालं की तुमचा नुसता आवाज येतो, डोक्यामागून. तोंड दिसतं ते परत घरी आल्यावर, आणि तेव्हा ते दमलेलं असतं.”

पुढचा उतार मिस्त्री बाईंच्या बाजूने चालले. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी पाठीमागे बांधले, मग खिशात घातले.

पाळण्यापाशी लेक आणि नात आधीच वर गेल्या होत्या. दारावरच्या मुलीने निळा पट्टा पाहून एक डबा थांबवला आणि सोबत कोण आहे, असं विचारलं. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. “येताय?”

मिस्त्रींचं पाऊल उचललंही होतं. पण बाईंचा चेहरा त्यांना अगदी समोर दिसत होता. विचारताना त्यांची नजर मधूनच वर जात होती, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी.

“एकटी जाशील?” त्यांनी विचारलं.

“जाईन की.”

“मग जा. मी बसतो जरा.”

बाई स्कूटरसकट आत शिरल्या आणि डबा बंद झाला. मिस्त्री बाकावर बसले. एवढ्यात टोपीवाला फेरी मारत तिथून जाताना थांबला, गाडीने त्रास नाही ना दिला, म्हणाला. मिस्त्रींना तो अजूनही आवडला नव्हता.

“गाडी चांगली आहे,” ते म्हणाले. पुढचं बोलताना जीभ जड झाली, पण बोलले. “बाई छान चालवतात.”

टोपीवाला मान डोलावून गेला. पाळणा वर वर सरकत होता, उन्हात काचा चमकत होत्या, आणि बाई कुठल्या डब्यात आहेत ते आता ओळखू येत नव्हतं. मिस्त्रींनी अंदाजाने एक डबा धरला आणि त्याच्याकडे बघून हात हलवला.