पुढे चाल

…रांगोळीची पूड चोळली तिथं कपाच्या पोटावर एक डाग उजळला, त्यात मायाचं बोट दिसलं, मग नाक. बाकी कप काळाच. एक कान शाबूत, दुसरा कधीच तुटलेला. शोकेसमधून तो आज निघाला, कारण अकोल्याहून जुबेर येणार होता – तिथल्या क्लबाचा सेक्रेटरी, स्मरणिका काढतोय.

"पाहुणा काय म्हणन," माया म्हणाली, "चॅम्पियनच्या घरी काळी भांडी?"

चॅम्पियन. धर्मपालनं वर्तमानपत्र जरा उंच धरलं. लग्नात हा शब्द तिच्या मामानं वापरला होता आणि तिथंच तो खोडायला हवा होता. पण मांडवात कोण खोडतं… मग तो घरातच राहिला, घरजावयासारखा – कामाचा नाही, पण हाकलायचा कसा.

कप साहेबांच्या काळातला. लॉन टेनिसच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत जे गळत, त्यांच्यासाठी ही वेगळी स्पर्धा, हरलेल्यांची. नियम एवढाच, की प्रत्यक्ष खेळून हरलेलाच पात्र. साहेब सकाळी हरायचा, दुपारी दाबून जेवायचा, संध्याकाळी पुन्हा कोर्टावर हजर – आणि हरलेल्यांत पहिला आला की मड्डमेच्या हातून कप घेऊन खुशाल हसायचा. साहेब गेले, क्लब आपल्याकडे आला, आणि आपल्या माणसांचे पाय मुरगळायला लागले. सकाळी हरला की दुपारी मुरगळलाच. कुणाची सासू आजारी, कुणाला कोर्टात तारीख. हरणं एक वेळ परवडतं. हरलेल्यांच्या रांगेत उभं राहणं नाही परवडत.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तर सगळेच पाय मुरगळले. हरलेल्यांत मी एकटा उरलो – नवा नायब तहसीलदार, खुर्चीमुळं सभासद झालेला, भीमनगरातून सायकलवर येणारा, पांढरी पँट घडी करून पिशवीत… कोर्टाच्या कडेला बसून राहिलो. पंचाचंही काम करणारा मार्कर नत्थुजी जाळी ताणायचा, नावं पुकारायचा, समोरून कोणी यायचं नाही. मग तो खालच्या आवाजात म्हणायचा, "पुढे चाल, साहेब." म्हणजे न खेळताच वरच्या फेरीत. अंतिम सामन्यालाही तेच. समोर किसनराव वकील यायचे होते, कागदोपत्री तेही न खेळताच वर आलेले, अकोल्यातलं बडं घर. मुरगळलेल्या पायानं ते व्हरांड्यात पत्ते खेळत होते, आणि एकदा पान टाकताना त्यांनी मान वर… नाही, नजरानजर झाली नव्हती. तेवढा एक हिशेब अजून जुळत नाही: लाज त्यांना हरलेल्यांत खेळायची वाटली, की माझ्याशी? एक चेंडू न मारता कप मिळाला. पुढच्या वर्षापासून स्पर्धाच बंद. आपल्या नावानंतर त्या कपावर कोणाचंच नाव नाही.

जुबेर आला, चहा बशीत ओतला. "वा भाभी, आरसा करून टाकला तुमी." मग धर्मपालकडे वळून, "साहेब, पह्यल्या पानावर आत्महत्यावाल्या शेतकऱ्यांले श्रद्धांजली. यंदा ते टाकाच लागते. दुसऱ्यावर पालकमंत्री, तिसऱ्यावर तुमी. या कपाची हिस्ट्री कोनालेच मालूम नाही. किसनरावांले भेटलो. थकले आता. पन फायनल आठवते म्हने. म्हने, धर्मपालनं मले धुतलं."

बशी धर्मपालच्या ओठांशी थांबली. "किसनराव म्हणाले?"

"डोळ्यांत पानी आलं त्यायच्या. तुमी निस्तं हो म्हना, की छापतो. स्कोर काय होता?"

माया दारात उभी, बोटं पांढरी. इतक्या वर्षांत तिनं स्कोर विचारला नव्हता.

म्हणावं, सामना झालाच नाही. म्हणजे म्हातारा खोटा, आणि मी – नटूनथटून बसलेला, जेवणवेळेलाही न उठलेला. आणि मायासमोर… काल कचेरीत टेबलावर चांदूर बाजारकडच्या एका बाईचा कागद होता, सरकारी मदतीसाठी. नवरा विष पिऊन गेला, पण जमीन सासऱ्याच्या नावे. अहवालात 'अपात्र' लिहिताना पेन अडखळलं नव्हतं. "तो मेला हे तरी लिवा, साहेब," ती म्हणाली होती. पुरावा लागतो बाई, असं मीच…

"सहा-चार, सहा-तीन," तो म्हणाला. आवाज कचेरीतला निघाला, स्वच्छ.

जुबेरनं लिहून घेतलं आणि मग हसला. "कमाल आहे. किसनराव तर सहा-शून्य, सहा-एक सांगून राह्यले. म्हने, एकच गेम भेटला मले. तुमी त्यायची इज्जत ठेवली, साहेब. तुमचंच छापतो."

"हे असेच आहेत," माया म्हणाली, आणि तिच्या आवाजातला अभिमान त्याला बसल्या जागी टोचला.

जुबेर गेला. माया कपाची उरलेली बाजू घासायला बसली. म्हाताऱ्यानं स्वतःजवळ एकच गेम ठेवला होता. बाकी सगळं देऊन टाकलं – इतक्या वर्षांनी, न मागता. आणि आपण? आपण त्याला जास्तीचे दिले, ते काही मोठ्या मनानं नाही. सहा-शून्य कोणाला खरं वाटलं नसतं, म्हणून. जवळ नव्हतं त्यातूनच दिलं, आणि वर इज्जत ठेवल्याचं नाव.

पूड घासल्याचा खसखस आवाज येत राहिला. त्यानं डोळे मिटले… नत्थुजी जाळी ताणतोय. किसनराव हातातली पानं पालथी ठेवून व्हरांड्याची पायरी उतरतायत, पाय अगदी सरळ. सर्व्हिस आपली. चेंडू परत येतो, त्यांचा बॅकहँड, खोल, डाव्या कोपऱ्यात… रेषेवर चुन्याची भुकटी उडाली. आत होता. स्पष्ट आत होता – आणि नत्थुजीनं मान वळवायच्या आधीच आपण हात वर करून म्हणालो, बाहेर.